मीठ नळातून नको!

देहूरोडला फ्लॅट घेतला आणि बोअरच्या पाण्याने इंगा दाखवला. साबणाला फेस नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरी पुटं! सेल्समन टीडीएस मीटर नाचवत आला. पण मंडळी, टीडीएस म्हणजे हार्डनेस नव्हे. लॅबमधून हार्डनेस तपासून घेतला. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक. आमचा दुपटीच्या वर! सॉफ्टनर घ्यायचं ठरलं. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतं, बदल्यात पाण्यात सोडियम सोडतं. म्हणून त्याला अधूनमधून मीठ घालावं लागतं. हे ऐकून बीपीवाली आई म्हणाली, "आमटीतलं मीठ कमी केलंस, आता नळातून पाजणार?" पटलं! सॉफ्टनर बाथरूम आणि वॉशिंग मशीनला. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, तिथे आरओ. तुम्हीही प्लंबरला आधी हेच सांगा.