न्यायालयाच्या आकडेवारीत आपला माणूस कुठे आहे?

राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड २०१५ साली सर्वांसाठी खुला झाला. चांदवडसारख्या तालुका न्यायालयात दिवाणी दावे किती, फौजदारी खटले किती, किती वर्षांपासून तुंबले आहेत, महिलांनी दाखल केलेले किती, हे आता कोणालाही पाहता येते. जात मात्र त्यात दिसत नाही. ज्या देशात जात पाहून मार बसतो, त्या देशाची न्यायालयीन आकडेवारी जातीवर मौन पाळते!

रकान्यांचा खेळ आपण समजून घेतला पाहिजे. कौटुंबिक न्यायालय कायद्याने सक्तीचे आहे ते दहा लाखांवरील लोकवस्तीच्या शहरात. तालुक्यातील परित्यक्ता भगिनी पोटगीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभी राहते आणि तिचा अर्ज फौजदारीत मोजला जातो. महार वतनाची जमीन दुसऱ्याने बळकावली, तर १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याखाली प्रकरण महसूल अधिकाऱ्यांपुढे चालते. ते दिवाणीच्या आकड्यात येतच नाही. अॅट्रॉसिटीचा खटला सत्र दर्जाच्या विशेष न्यायालयात चालतो. म्हणजे चांदवड न्यायालयाचे आकडे पाहून तालुक्यात अन्याय किती, हे ठरवणे शुद्ध फसगत आहे.

आणि हेच आकडे आपल्यावर उलटवले जातात. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायदा बोथट केला, तेव्हा निकालपत्रात आकडे दिले होते. २०१५ साली निकाली निघालेल्या १५,६३८ प्रकरणांपैकी ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागे घेतली गेली, ४,११९ मध्ये शिक्षा झाली. सुटले म्हणजे तक्रार खोटी, असा प्रचार मनुवाद्यांनी लगेच सुरू केला. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये आपल्या बांधवांनी प्राण दिले. संसदेला त्याच वर्षी कायदा दुरुस्त करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले.

पण आरोपी सुटतो का? फिर्यादी ज्याच्या कांद्याच्या वावरात मजुरीला जातो, त्याच्याचविरुद्ध त्याला साक्ष द्यायची असते. साक्षीदार त्याच गावचे, पंच फितूर, तपास ढिसाळ. आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढावा, असे २०१५ ची दुरुस्ती सांगते. प्रत्यक्षात वर्षे जातात आणि तोवर तडजोडीसाठी दबाव येत राहतो. 'निर्दोष' या एका शब्दात हे सारे गडप होते. महाडच्या चवदार तळ्याचा खटलाही मोजदादीत एक दिवाणी दावाच होता. १९२७ साली दाखल झालेला तो दावा मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने संपायला १९३७ साल उजाडले.

तेव्हा आकडे त्यांच्यावर सोडून चालणार नाही. १९९५ च्या अॅट्रॉसिटी नियमांतील नियम ४ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी व सरकारी अभियोग विभागाने नोंदलेल्या गुन्ह्यांचा आढावा घेऊन दरमहा २० तारखेपर्यंत शासनाला अहवाल द्यायचा असतो. चांदवडच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात नाशिकहून हे अहवाल मागवावेत. तालुक्यातील गुन्हे किती, आरोपपत्रे किती, आरोपी कोणत्या कारणाने सुटले, साक्षीदारांना प्रवासभत्ता मिळाला का, हे विचारावे. दक्षता समितीच्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवावा. अहवालच निघत नसतील, तर तेही लेखी मिळवावे. आंदोलनाला तेवढे कारण पुरेसे आहे.