न झालेल्या लग्नाचा इसार

दिलेला शब्द मोडणाऱ्याचा इसार बुडतो, हा बाजाराचा जुना न्याय आहे आणि त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु शब्द कोणीच मोडला नसेल, तर इसार कोणाचा? कोरोनाच्या दोन वर्षांत मंगल कार्यालयांच्या दारात हाच प्रश्न उभा राहिला, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर ज्याच्या हाती पैसा होता त्यानेच देऊन टाकले.

आपल्या समाजाला ही झळ नेमकी कशी लागली, हे तारखांवरून कळते. प्रायश्चित्तकाळात आपण लग्ने टाळतो. साहजिकच ईस्टरनंतरच्या तारखा आधीपासून धरून ठेवाव्या लागतात. २०२० साली ईस्टर १२ एप्रिलला होता आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढे लग्नाला परवानगी मिळाली, ती ५० पाहुण्यांपुरती. २०२१ साली ईस्टर ४ एप्रिलला आला आणि २२ एप्रिलपासून राज्य शासनाचा नवा नियम आला : माणसे २५, सभागृह एकच, वेळ दोन तास, मोडणाऱ्या कुटुंबाला दंड ५०,००० रुपये. राज्य हळूहळू मोकळे होत असतानाही ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातील ६१ गावांत कडक निर्बंध लावावे लागले होते. अशा काळात ज्या पित्याने पाचशे पानांचा हिशेब धरून कार्यालय घेतले होते, त्याने करार मोडला असे कोण म्हणेल?

कार्यालयाच्या मालकाचीही बाजू आहे व ती ऐकली पाहिजे. त्याचे दोन हंगाम बुडाले, पहारेकऱ्याचा पगार थांबला नाही, वीज व घरपट्टी यांची बिले येतच राहिली. ज्या लग्नासाठी त्याने खरोखर खर्च केला, त्याचा हिशेब दाखवून तेवढी रक्कम त्याने मागितली, तर समंजस माणूस वाद घालणार नाही. आक्षेप आहे तो हिशेब न दाखवता सगळीच रक्कम ठेवून घेण्याला. ‘पैसे परत मिळणार नाहीत, हवी तर दुसरी तारीख घ्या,’ हे उत्तर तडजोडीचे वाटते खरे. पण दोन तासांत पंचवीस माणसांत लग्न उरकून सून घरी आली असेल, तर दुसऱ्या तारखेचे त्या घराने काय करावे?

याविषयी आपला कायदा मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५६ सांगते, की जे करणे पुढे अशक्य वा बेकायदेशीर झाले, तो करार रद्द ठरतो. कलम ६५ सांगते, की अशा करारापोटी ज्याला लाभ मिळाला, त्याने तो परत केला पाहिजे किंवा त्याची भरपाई केली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. एका मैफलीत गाण्यासाठी गायकाने हजार रुपये आगाऊ घेतले व तो आजारी पडला. आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण ते हजार रुपये मात्र परत द्यायचे. गायकाच्या जागी कार्यालय ठेवावे आणि आजाराच्या जागी शासनाचा आदेश. न्याय बदलत नाही.

‘५० माणसांत लग्न करता येत होते, मग अशक्य कसे?’ असा प्रश्न मालक विचारतो. अशक्य याचा अर्थ केवळ शब्दशः अशक्य असा घेऊ नये. कराराचा पायाच ढासळला असेल तर तेही पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच सत्यव्रत घोष खटल्यात सांगितले आहे. अर्थात प्रत्येक करार तपासूनच ते ठरेल. पण तपासणीस सामोरे जाणे वेगळे आणि पावतीच्या मागची छापील ओळ बोटाने दाखवणे वेगळे.

विमानाच्या तिकिटांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने प्रवाशांना परताव्याची वाट मिळाली. पुढील प्रवासासाठी जमा ठेवलेली रक्कमही कंपन्यांना कायमची दडपता आली नाही. लग्नघरांसाठी अशी एकत्र दाद कोणी मागितली? गावातलाच मालक, रोजची ओळख, शुभकार्यात वाद नको, ही आपली भीड. तिनेच पुष्कळांचे पैसे बुडवले. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची असते. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ त्यातून वगळला होता. तरीही त्या वेळच्या बहुतेक तक्रारींची मुदत आता उलटली आहे. उशिराचे सबळ कारण दाखवता आले, तरच दार उघडते.

गेलेल्या पैशांसाठी आता हळहळण्यात अर्थ नाही. पण पावतीवरची ‘कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही’ ही ओळ आजही आपण न वाचता खिशात घालतो. इसार देण्यापूर्वी त्याच पावतीवर लिहून घ्यावे : शासकीय आदेशाने किंवा नैसर्गिक आपत्तीने कार्य झाले नाही, तर प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करून उरलेली रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल. लिहून देण्यास जो नकार देतो, त्याचे कार्यालय सोडून दुसरे पाहावे. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरात वधूवरांना इतके सांगितले जाते. त्यात या एका वाक्यासाठी दहा मिनिटे सहज निघतील.

आणि एक मागणी आपल्या घरातली. ज्या धर्मग्रामांची स्वतःची सभागृहे आहेत, त्यांनी हा नियम आपल्या पावतीवर आधी छापावा. बाहेरच्या मालकाकडे न्याय मागणाऱ्याने तो आपल्या दारात लिहून ठेवलेला असावा. धर्मग्राम समितीच्या येत्या बैठकीत हा विषय कोण मांडणार, एवढेच ठरायचे आहे.