विश्लेषण : सेल्फ लागत नाही, म्हणजे स्टार्टर मोटर गेलीच का?

रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक ३५० २०२१मध्ये आली ती किकविना. हिमालयन आणि डोमिनार ४००ला तर किक कधी नव्हतीच. त्यामुळे लांबच्या प्रवासात सेल्फ रुसला की धक्का मारण्यावाचून पर्याय उरत नाही. बॅटरी पार उतरली असेल तर फ्युएल पंपच चालत नाही आणि धक्काही वाया जातो. म्हणूनच स्वतः मोटर बदलायला निघालेल्या नवख्याने पान्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. मोटर बदलणे सोपे आहे. चांगली मोटर विनाकारण बदलली जाणे त्याहून सोपे.

आवाजावरून काय कळते?

भराभर टकटक ऐकू आली तर संशय आधी बॅटरीवर किंवा तिच्या सैल टर्मिनलवर घ्यावा. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा १०च्या बराच खाली कोसळत असेल तर बहुधा बॅटरी थकली आहे. अर्थात जाम मोटरही असाच आकडा पाडते, म्हणून चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावून एकदा पाहावेच. अजिबात आवाज नसेल तर किल स्विच, साइड स्टँड आणि क्लचचा स्विच आधी पाहावा.

खरा निकाल लागतो तो मोटरपाशी. मल्टिमीटरचे एक टोक मोटरच्या टर्मिनलवर, दुसरे मोटरच्या उघड्या धातूवर ठेवून बटण दाबावे. तिथे १०हून अधिक व्होल्ट पोहोचूनही मोटर ढिम्म असेल, तर दोष तिचाच. तरीही लगेच नवी घेण्याची घाई नको. अनेकदा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो. किक काढून घेणाऱ्या कंपन्यांनी निदान ही चाचणी तरी गाडीसोबतच्या पुस्तिकेत ठळक छापायला हवी.

बदलताना कुठे चुकते?

बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वात आधी काढायची आणि सर्वात शेवटी जोडायची. मोटरच्या जाड वायरचा नट सोडवताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरावा, नाहीतर टर्मिनलच फिरून तुटते. बहुतेक गाड्यांत मोटर दोनच बोल्टवर बसते. तरी ती निघत नाही, कारण ओ-रिंग घट्ट धरून असते. इथे हातोडी उचलली की आतली चुंबके तडकण्याची भीती. हलकेच डावी-उजवीकडे हलवत ओढावी. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावावे. बसण्याची जागा घासूनपुसून लख्ख करावी, कारण करंट परततो तो याच धातूतून. बोल्ट आधी हाताने फिरवावेत. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च मोटरपेक्षा मोठा होऊ शकतो.

गाडी चालू करताना बटण सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये. मध्ये मोटर थंड होऊ द्यावी.