तलवार सर्वांत शेवटी येते

१/१८
"आपले पूर्वज कधी मागे हटले नाहीत." इतिहासाच्या नावाने फिरणारी जवळजवळ प्रत्येक चित्रफीत या वाक्याने संपते. मागे तुतारी, पुढे नंगी तलवार. हे वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे आणि सल्ला म्हणून जीवघेणे आहे. पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पट्ट्यातील चार शतकांच्या आधारे ही गोष्ट मांडतो. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

२/१८
प्रश्न साधा आहे. शस्त्र घेतलेला माणूस दाराशी आला तेव्हा या किनाऱ्यावरच्या लोकांनी काय केले? इथे राजे आणि सरदार अभिप्रेत नाहीत. वाडीत राबणारा माळी, खाडीकाठचा कोळी, माडावर चढणारा भंडारी, डोंगरातला वारली यांच्याविषयी विचारतो आहे. वंशसातत्य पाहायचे तर आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज हेच लोक होते. तलवार ही त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या घरात होती.

३/१८
आधी भूगोल. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला जंगलाने भरलेले डोंगर आणि मधे भात, माड, मीठ व मासळी यांनी समृद्ध असलेली अरुंद पट्टी. लुटारूंना यापेक्षा सोयीची जागा कोणती? समुद्रातून मलबारी चाचे यायचे, मस्कतचे अरब यायचे; डोंगराकडून धाडी पडायच्या. सोळाव्या शतकात इथे पोर्तुगीज आले. ते स्वतः शस्त्रबळावरच आले होते, आणि तरीही याच भीतीखाली जगले.

४/१८
१६७४ मध्ये मस्कतचे सुमारे सहाशे अरब वसईला उतरले. त्यांनी तटाबाहेरची चर्चे लुटली. किल्ल्यातली शिबंदी अपुरी होती. ती बाहेर पडलीच नाही. तटाच्या आत असलेले वाचले, बाहेर असलेले लुटले गेले. या प्रसंगातून दोन धडे निघतात. तट माणसाला वाचवतो, हा पहिला. तट कोणासाठी बांधला आहे हे सत्ता ठरवते, हा दुसरा; आणि तो पहिल्याहून कडू आहे.

५/१८
आता तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, दांडा ही नावे किनाऱ्याच्या नकाशावर जोडून पाहा. मोठ्या किल्ल्यांच्या मधे छोट्या गढ्या, बुरूज, चौक्या. यांतल्या कित्येक वास्तूंत पन्नास माणसेही धड मावणार नाहीत. मग त्या कशासाठी? गलबत दूरवर असतानाच दिसावे, इशारा द्यावा, दार लावावे आणि लुटारू कंटाळून जाईपर्यंत किंवा कुमक येईपर्यंत तग धरावा. किल्ला हे लढण्याचे साधन आहेच, पण रोजच्या व्यवहारात तो लढाई टाळण्याचे साधन होता.

६/१८
जिथे दगडी तट नव्हता तिथे काय? मराठी मुलखातल्या गावगाड्याकडे पाहा. गावाला वेस होती, वेशीवर वेसकर होता आणि रात्री जागल्या होता. जागल्याचे काम परक्या माणसाची नोंद ठेवणे, गाव जागे करणे आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाणे हे होते. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. दिसेल त्याला ठार मारणे हे त्याचे काम नव्हते. हा तपशील लक्षात ठेवा. धाग्यात पुढे तो लागणार आहे.

७/१८
तिसरा उपाय वाटाघाटीचा. दमणच्या पोर्तुगीज अमलातील परगणे (तारापूर त्यांतच होते) रामनगरच्या राजाला उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा देत. त्याचे नाव चौथ. रामनगरकडच्या जंगलातून या गावांवर धाडी पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. चौथ मराठ्यांनी शोधून काढली असे समजणाऱ्यांनी हे नीट वाचावे. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार आणि रामनगर घेतले आणि रामनगरचा तोच जुना हक्क मराठ्यांनी पोर्तुगिजांकडे मागितला.

८/१८
इथे कोणीतरी म्हणणारच : पैसे देऊन जीव वाचवणे म्हणजे भ्याडपणा. या व्यवस्थेचे उदात्तीकरण मला करायचे नाही. चौथीचा भार अखेर कुळांच्याच पाठीवर पडत होता. पण हिशेब मांडून पाहा. भाताचा हिस्सा गेला तरी पुढच्या वर्षी भात पुन्हा पिकते. जळलेले घर आणि मेलेला कर्ता पुरुष पुन्हा पिकत नाहीत. ज्यांनी हा हिशेब केला ते भित्रे नव्हते. ते शेतकरी होते, आणि तोटा कशाला म्हणतात ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

९/१८
"पण तारापूर तर तलवारीनेच जिंकले ना?" होय, जिंकले. त्याची किंमत मात्र चित्रफितीत दाखवत नाहीत. वसईच्या मोहिमेत माहीमवरचा पहिला प्रयत्न मराठ्यांच्या अंगाशी आला होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली आधी माहीम आणि मग तारापूर पडले. तारापूरला सुरुंग लावून तट फोडावा लागला, आतले लोक निकराने लढले आणि हातघाई झाली. बाजी भिवराव रेठरेकर तिथेच गोळी लागून पडले.

१०/१८
बाजी भिवराव हे पेशव्यांच्या घरोब्यातले माणूस. त्यांच्या मातोश्रींना पेशवे घराण्याकडून गेलेले सांत्वनपत्र मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. विजयाच्या बातमीबरोबर शोकाचे पत्र लिहावे लागते, हे ज्यांनी तारापूर जिंकले त्यांना माहीत होते. नावाजलेल्या सरदाराच्या आईला पत्र तरी गेले. खंदकात पडलेल्या शेकडो प्याद्यांच्या घरी काय गेले असेल?

११/१८
आता वसई पाहा. फेब्रुवारी ते मे १७३९ असा वेढा चालला, सुरुंग उडाले, हजारो माणसे कामी आली. अखेर तट फुटला तेव्हा आतल्यांनी तहाची बोलणी लावली आणि चिमाजी आप्पांनी ती मान्य केली. शिबंदीला सन्मानाने शस्त्रांसह बाहेर पडू दिले, रहिवाशांना चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी मुदत दिली. जिंकणाऱ्याच्या हातात तलवार होती आणि शेवटची कत्तल त्याने टाळली. मराठ्यांच्या इतिहासातला हा अतिशय मोठा विजय आहे, आणि त्याचा शेवट तहाच्या कागदावर झाला आहे.

१२/१८
मागे न हटण्याचा आदर्श म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्यांचे चरित्र काय सांगते? प्रतापगडाला महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले, भेटीची जागाही आपल्या सोयीची ठरवून घेतली. १६६५ मध्ये पुरंदरला तेवीस किल्ले दिले. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटले. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून रात्री बाहेर पडले. घोडखिंडीत बाजीप्रभू लढले ते कशासाठी? राजे विशाळगडावर पोहोचावेत यासाठी. म्हणजे ती लढाईसुद्धा सुखरूप निघून जाण्यासाठी होती. माघारीला ज्यांनी कमीपणा मानला नाही त्यांच्या नावावर आपण माघारीची निंदा करतो आहोत.

१३/१८
आता विसावे शतक. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. त्या ऑक्टोबरमध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील तलवाडा येथे हजारो वारली काठ्या घेऊन जमले. का? गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका आहे, त्यांना वाचवायला या, असा खोटा निरोप जमीनदारांनी पसरवला होता. तिकडे सरकारला कळवले की वारली शस्त्रे घेऊन हल्ल्याला निघाले आहेत. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. गोदावरीबाई तिथे नव्हत्याच.

१४/१८
या प्रसंगाची रचना समजून घ्या. "आपल्या माणसावर हल्ला होतो आहे, हत्यार घेऊन धावा" ही हाक वारल्यांच्या निष्ठेला होती. ती निष्ठा खरी होती, धैर्यही खरे होते. खोटी होती ती फक्त बातमी. त्या खोट्या बातमीचा फायदा कोणाला झाला? ज्यांना चळवळ चिरडण्यासाठी निमित्त हवे होते त्यांना. हातात काठी आली की माणूस निर्भय होतो असे आपण मानतो. तलवाड्यात काठी आली आणि समोरच्या बंदुकीला कारण मिळाले.

१५/१८
आणि १६ एप्रिल २०२०. डहाणू तालुक्यातील गडचिंचले. टाळेबंदीत चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या, गावोगावी रात्रीचे पहारे बसले होते. जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. पोलीस तिथे असताना. गावाचा पहारा ही जुनीच गोष्ट आहे. पण जागल्या गावाला उत्तरदायी होता. अडवणे, ओळख पटवणे आणि हवाली करणे हे त्याचे काम होते. जमाव कोणालाच उत्तरदायी नसतो. "आम्ही स्वतःचे रक्षण करत होतो" असे म्हणत माणसे मारेकरी होतात, ती अशी.

१६/१८
माझ्या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप माझ्याच जिल्ह्यातला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले : काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी, सुकुर गोविंद मोरे. त्यांनी मागे फिरायला हवे होते का? नाही. पण ते स्वतःचा जीव वाचवायला गेले नव्हते. एका हेतूसाठी तो पणाला लावायला गेले होते, आणि तेही हातात शस्त्र न घेता. हौतात्म्य ही निवड आहे. मोबाइल हिसकावणाऱ्या चोराशी झुंजून मरणे हे हौतात्म्य नव्हे. या दोन गोष्टींची सरमिसळ केली तर त्या पाच जणांचाच अपमान होतो.

१७/१८
कायदाही हेच सांगतो. जुन्या दंडसंहितेतील कलम ९६ ते १०६ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. हा हक्क खरा आहे. कायदा नागरिकाला भ्याड व्हायला सांगत नाही. पण त्याला मर्यादा आहेत. सरकारी यंत्रणेकडे जायला अवधी असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावापुरती आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. चोर पळाला, त्याला गाठून मारले, तर तो बचाव उरत नाही. संरक्षण आणि सूड यांच्यातली ही रेषा आहे.

१८/१८
शेवटी आजचे. बोईसर स्टेशनवरून औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी-येणारी आपल्या वयाची हजारो मुलेमुली आहेत. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर कोणी कोयता दाखवला तर पाकीट द्या, मोबाइल द्या. त्याच्यापासून अंतर वाढवा, उजेडाकडे आणि माणसांकडे पळा, ओरडा, ११२ वर फोन करा. पळायची वाटच नसेल तेव्हा, आणि तेव्हाच, निसटण्यापुरता प्रतिकार करा. खिशात चाकू ठेवून फिरू नका. झटापटीत तो कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही. लांबून पाहणे, दार लावणे, बोलणी करणे, निघून जाणे आणि काहीच उरले नाही तर लढणे : तारापूरच्या किनाऱ्याने चारशे वर्षे हाच क्रम पाळला. ज्या मित्राला "मागे हटू नकोस" असा स्टेटस ठेवायची सवय आहे, त्याला हा धागा पाठवा. तो घरी सुखरूप पोहोचला, तर वाद घालायला उद्याही भेटेल.