टॉर्पेडोला ‘चकवा’ लावणारा मारीच : युद्धनौका आपल्यामागे आमिष का ओढत नेतात?

२०१८ च्या पावसाळ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात टी-१ ऊर्फ अवनी वाघिणीचा शोध सुरू होता. तेव्हाच्या एका बातमीची सोशल मीडियावर भरपूर थट्टा झाली. तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेल्या या वाघिणीला बाहेर काढण्यासाठी वन विभागाने ‘ऑब्सेशन फॉर मेन’ नावाचं पुरुषांचं महागडं सेंट आणायचं ठरवलं होतं. हसण्यासारखं वाटलं तरी त्यामागे विचार होता. जवादी मांजराच्या ग्रंथीत सापडणाऱ्या गंधद्रव्यासारखा घटक या सेंटमध्ये असतो. मोठी मार्जारं त्याकडे ओढली जातात, हे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात आधीच दिसलं होतं. वाघ आपली हद्द आणि जोडीदार वासावरून ओळखतो, म्हणून आमिषही वासाचं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी गोळीला बळी पडली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

इथे कामाची गोष्ट एवढीच की, शिकारी ज्या इंद्रियावर भरवसा ठेवतो त्याच इंद्रियाला फसवावं लागतं. भारतीय नौदलाची ‘मारीच’ ही यंत्रणा नेमकं हेच करते. फरक इतकाच की तिथला शिकारी जंगलात नसतो, पाण्याखाली असतो आणि तो कानाने शिकार करतो.

टॉर्पेडोला जहाज दिसत नाही, ऐकू येतं

पाण्यात प्रकाश फार लांब जात नाही. रडारच्या लहरीही पाण्यात शिरताच विरून जातात. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. त्यामुळे पाण्याखालचं सगळं युद्ध आवाजाचं आहे.

टॉर्पेडो दोन प्रकारे ऐकतो. एक तर गुपचूप. जहाजाच्या पंख्यांचा, इंजिनाचा, यंत्रांचा आवाज पकडायचा आणि त्या दिशेने वळायचं. दुसरी पद्धत वटवाघळाची. स्वतः ‘पिंग’ सोडायचा आणि जहाजावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा. आधुनिक टॉर्पेडो दोन्ही करतात.

जहाजाने पळून का जाऊ नये? साधं गणित आहे. ४५ नॉट वेगाचा टॉर्पेडो मिनिटाला जवळपास १.४ किलोमीटर कापतो. पाच किलोमीटरवर तो लक्षात आला आणि जहाज जागेवरच असेल, तर हातात चार मिनिटंही नाहीत. जहाज २५ नॉटने उलट दिशेला पळालं तर ही वेळ आठ मिनिटांच्या आसपास जाते. तेवढ्यात टॉर्पेडोची बॅटरी किंवा इंधन संपलं तर ठीक.

आणि तो लागला तर? क्षेपणास्त्र बहुधा पाण्याच्या वर आदळतं. आग लागते, माणसं दगावतात, पण जहाज तरंगत राहण्याची शक्यता असते. जड टॉर्पेडो जहाजाला शिवतही नाही, तो तळाखाली फुटतो. स्फोटाच्या वायूचा प्रचंड बुडबुडा जहाज वर उचलतो, मग खालचा आधार निघून जातो आणि जहाजाचा कणा मोडतो. २६ मार्च २०१० रोजी दक्षिण कोरियाची ‘चेओनान’ ही नौका अशीच दोन तुकड्यांत फाटली आणि ४६ नौसैनिक गेले. आंतरराष्ट्रीय चौकशी पथकाने उत्तर कोरियाच्या टॉर्पेडोवर ठपका ठेवला, उत्तर कोरियाने तो नाकारला.

दीवजवळची ती रात्र

भारताने हे १९७१ मध्ये सोसलं आहे. पाकिस्तानची ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची डिझेल पाणबुडी काठियावाडच्या किनाऱ्याजवळ वावरत असल्याची चाहूल लागल्यावर मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या फ्रिगेट तिच्या शोधात निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात शिकाऱ्याचीच शिकार झाली. पहिला टॉर्पेडो ‘किरपाण’वर सोडला गेला, तो फुटलाच नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला आणि ती काही मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

या घटनेतला एक तपशील मुल्लांच्या शौर्यकथेत मागे पडतो. ‘खुकरी’वर सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग सुरू होता आणि त्यासाठी तिने वेग कमी ठेवला होता. जहाज जोरात गेलं की त्याच्याच आवाजाने त्याचे कान बंद होतात, हळू गेलं की लांबचं ऐकू येतं, पण मग ते सोपं लक्ष्य बनतं. पाणबुडीविरोधी युद्धातली ही कोंडी आजही सुटलेली नाही. त्यात अरबी समुद्रासारख्या उष्ण पाण्यात उन्हाने वरचा थर तापतो, ध्वनी खाली वाकतो आणि त्याच्या सावलीत पाणबुडी निवांत लपून राहू शकते.

दोन नळ्यांचा खडखडाट

टॉर्पेडोला आवाजाने भुलवण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धातली. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात ‘त्साउनक्योनिग’ हा आवाजाचा माग काढणारा टॉर्पेडो मोठ्या प्रमाणावर वापरायला काढला. व्यापारी ताफ्यांना संरक्षण देणाऱ्या नौका तो टिपू लागला. दोस्तांना अशा अस्त्राची कुणकुण आधीच लागली होती, त्यामुळे उत्तर काही आठवड्यांत समुद्रात उतरलं. ब्रिटिशांनी त्याला ‘फॉक्सर’ म्हटलं. कॅनडाची आवृत्ती तर इतकी साधी होती की गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातही झाली असती. एका चौकटीत समांतर बसवलेल्या दोन नळ्या दोराने जहाजामागे ओढायच्या. वाहत्या पाण्यामुळे त्या एकमेकींवर आपटत आणि पंख्यापेक्षा कितीतरी मोठा खडखडाट करत. टॉर्पेडो जहाज सोडून त्या गोंगाटाच्या मागे जाई.

पण त्या गोंगाटात जहाजाला स्वतःलाही काही ऐकू येईना. वेग आवरता घ्यावा लागे. शिवाय दूरच्या पाणबुडीलाही ‘इथे ताफा आहे’ अशी दवंडीच पिटली जाई. तेव्हापासून अशा यंत्रणांमध्ये झालेल्या बहुतेक सुधारणा एकाच प्रश्नाभोवती फिरतात : आवाज कधी करायचा, किती करायचा आणि कसा करायचा. अमेरिकेची ‘निक्सी’ त्यातूनच आली. अमेरिकी आणि अनेक मित्रदेशांच्या युद्धनौकांवर ती कित्येक वर्षं आहे.

‘मारीच’मध्ये काय आहे?

या यंत्रणेच्या उत्पादनाचा करार झाल्याची घोषणा नौदलाने २६ जून २०२० रोजी केली. आराखडा डीआरडीओच्या दोन प्रयोगशाळांचा : विशाखापट्टणमची एनएसटीएल आणि कोचीची एनपीओएल. उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे. आघाडीच्या सर्व युद्धनौकांवर बसू शकेल अशी ती आहे. म्हणजे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या जाणाऱ्या विनाशिका आणि फ्रिगेटही त्यात आल्या.

जहाजाच्या मागच्या बाजूला एक मोठं रहाट असतं. त्यावरून लांबलचक केबल समुद्रात सोडली जाते. केबलच्या एका भागात पाण्यातले मायक्रोफोन ओळीने बसवलेले असतात. हे झाले कान. जहाजाच्या स्वतःच्या गोंगाटापासून दूर असल्यामुळे त्यांना मागून येणारा टॉर्पेडो लवकर कळतो. त्याच ओढीवर असतं ते आमिष : जहाजासारखा आवाज काढणारं आणि टॉर्पेडोने ‘पिंग’ केला तर जहाजासारखाच प्रतिध्वनी परत पाठवणारं यंत्र. तिसरा भाग जहाजावरचा संगणक. ऐकलेला आवाज टॉर्पेडोचाच आहे का, तो कुठून येतोय, जहाजाने कुठे वळावं, कोणतं आमिष कधी सुरू करावं, हे तो सुचवतो. चौथा भाग, एकदाच वापरायची आमिषं. ती लाँचरमधून पाण्यात डागली जातात आणि जहाज निसटत असताना तिथेच गोंगाट करत राहतात.

टॉर्पेडो आमिषावर धावून जातो, तिथे काहीच सापडत नाही, तो वळून पुन्हा शोधू लागतो. रानात रात्री चकवा लागलेला माणूस जसा त्याच त्या बांधावर फिरत राहतो, तसा. प्रत्येक फेरीत त्याची ताकद खर्च होते. ती संपली की जहाज वाचलं.

नाव देणाऱ्याला दाद द्यायला हवी. मारीच म्हटलं की आपल्याला सोन्याचं हरीण आठवतं आणि नाशिकची पंचवटी डोळ्यांसमोर येते. पण हरणाचं रूप हा डोळ्यांना दिलेला चकवा होता. बाण लागल्यावर मारीचाने रामाच्या आवाजात लक्ष्मणाला हाक मारली आणि खरा घात त्या हाकेने केला. आवाजाची नक्कल करून राखणदाराला भलतीकडे पाठवायचं, हेच तर हे यंत्र करतं. मूळचा मारीच रावणाच्या पक्षाचा होता, तेवढं चालवून घ्यायचं.

मग जहाजं सुरक्षित झाली का?

पूर्ण नाही, आणि ‘अभेद्य कवच’ वगैरे मथळे वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

सगळ्यात मोठी अडचण अशा टॉर्पेडोंची, जे जहाजाचा आवाज ऐकतच नाहीत. जहाज गेल्यावर पाण्यात बुडबुड्यांचा आणि ढवळलेल्या पाण्याचा पट्टा मागे राहतो. तो किलोमीटरच्या किलोमीटर पसरतो आणि बराच वेळ मोडत नाही. सोव्हिएत संघाने हा माग धरून चालणारे टॉर्पेडो शीतयुद्धाच्या काळातच बनवले. असा टॉर्पेडो खालून वर ‘बघत’ त्या पट्ट्याच्या आतबाहेर नागमोडी होत थेट जहाजाच्या पंख्यापर्यंत पोचतो. पावलांचे ठसे बघत येणाऱ्या मागकाढ्याला सेंटच्या वासाने काय फरक पडणार? आवाजाच्या आमिषाचं इथे तेवढंच चालतं.

दुसरी अडचण माणसाची. अनेक जड टॉर्पेडो एका बारीक तारेने पाणबुडीशी जोडलेले राहतात. टॉर्पेडो फसला तरी पाणबुडीतल्या माणसाला शंका आली, तर तो त्याला आमिषावरून खेचून पुन्हा जहाजाकडे वळवू शकतो.

तिसरी गोष्ट केबलची. ती पाण्यात असेल तर जहाजाला हवं तसं गर्रकन वळता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये ब्रिटनच्या ‘नॉर्थंबरलँड’ या फ्रिगेटमागच्या सोनार केबलला चक्क एक रशियन पाणबुडी येऊन धडकली होती. आपल्या किनाऱ्यावर पाणबुडीपेक्षा जाळ्यांची धास्ती जास्त. मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे, ट्रॉलरची आणि डोल जाळ्यांची गर्दी आहे. उथळ पाण्यात ध्वनी तळावर आणि पृष्ठभागावर आपटत राहतो. कान असूनही तिथे धड काही कळत नाही.

मग टॉर्पेडो फसवण्याऐवजी फोडूनच का टाकू नये? प्रयत्न झाले. अमेरिकेने आपल्या पाच विमानवाहू नौकांवर टॉर्पेडोविरोधी टॉर्पेडो बसवले, पण भरवसा वाटण्याइतपत ते जमलं नाही. २०१८ मध्ये तो प्रकल्प थांबवून यंत्रणा काढून घ्यायचा निर्णय झाला. रशिया मात्र आपल्या काही नौकांवर असं अस्त्र ठेवून आहे. भारतीय विनाशिकांवर रशियन घराण्यातले पाणबुडीविरोधी रॉकेट लाँचर आहेत, ते वेळ पडल्यास टॉर्पेडोवरही मारता येतात. तोही शेवटचा उपाय.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का?

पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेतो आहे. चार चीनमध्ये आणि चार कराचीत बांधायच्या, असा तो करार. पहिलीचं जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये चीनमध्ये झालं. हवेसाठी वारंवार वर न येता बराच काळ खाली राहण्याची सोय त्यांच्यात आहे. या वर्गाला नाव दिलंय ‘हंगोर’. ‘खुकरी’चं नाव भारतानेही सोडलं नाही. माझगाव डॉकने बांधलेली दुसरी ‘खुकरी’ १९८९ मध्ये नौदलात आली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाली आणि नंतर दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली.

म्हणूनच ‘मारीच’कडे एकटं पाहून चालत नाही. टॉर्पेडो सुटल्यावर त्याला फसवणं ही शेवटची फळी झाली. त्याआधीचं काम पाणबुडीला जवळ येऊच न देण्याचं : लांब पल्ल्याची पी-८आय विमानं, नौकांवरची एमएच-६०आर हेलिकॉप्टरं आणि उथळ पाण्यासाठीच्या छोट्या पाणबुडीविरोधी नौका. अशा १६ नौकांचा ताफा बांधला जातो आहे. त्यातली पहिली १८ जून २०२५ रोजी नौदलात आली. वसईजवळच्या किल्ल्यावरून तिचं नाव ठेवलं आहे ‘अर्नाळा’. दीव ते मुंबई हा पट्टा अशाच उथळ पाण्याचा आहे.