जुनी पेटी आणि नवे दुकान

वाद्य पुष्कळ वर्षे टिकते. ते वाजवण्याची हौस तितकी टिकतेच असे नाही. वापरलेल्या वाद्यांचा बाजार या तफावतीवर उभा आहे. मुलाचा क्लास सुटतो, गिटार कपाटावर चढते आणि पुढे कधीतरी मिळेल त्या भावाने विकली जाते. आमलीत, म्हणजे सिल्वासात, याला आणखी एक कारण आहे. गाव कारखान्यांचे. नोकरीसाठी आलेली कुटुंबे बदली झाली की सामान आवरतात आणि त्यात कीबोर्डसारख्या जागा अडवणाऱ्या वस्तू आधी निघतात. शिवाय वापीचे रेल्वे स्टेशन जेमतेम 18 किलोमीटरवर असल्याने मुंबई-सुरतेचा जुना मालही येथे सहज पोहोचू शकतो.

नवी वाद्ये विकणाऱ्या दुकानदाराला पहिला फटका बसतो तो किमतीत. 10,000 रुपयांच्या नव्या गिटारवर 18 टक्के जीएसटी लागून ती 11,800 रुपयांना पडते. घरातली वापरलेली गिटार एकाने दुसऱ्याला विकली तर कर नाही. जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाही ठरावीक अटींवर खरेदी-विक्रीतल्या फरकापुरताच कर भरता येतो. त्यामुळे शिकाऊ मुलासाठी घेतल्या जाणाऱ्या स्वस्त नव्या वाद्याची विक्री सर्वांत आधी घटते. महागड्या वाद्याचे गिऱ्हाईक सहसा ठरलेले असते.

सगळ्या वाद्यांची गत मात्र सारखी नाही. नवे मॉडेल आले की जुन्या कीबोर्डचा भाव उतरतो. तबल्याची पुडी फाटते, पण खोड टिकते. म्हणून जुना तबला घेणारा नवी पुडी आणि वादी घ्यायला दुकानातच येतो. पेटीचे कीबोर्डच्या उलट आहे. आज अनेक पेट्यांना गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर बसवले जातात, तरी जर्मन किंवा पॅरिस सुरांच्या जुन्या पेटीला जाणकार नव्या पेटीहून जास्त मोजतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या चांगल्या जुन्या तंबोऱ्यालाही मागणी असते. आमली परिसरातला वारल्यांचा तारपा तर या बाजाराच्या बाहेरच राहतो. दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून तो पाड्यावरच घडतो, आणि बिघडला की तिथेच दुरुस्त होतो किंवा नवा केला जातो.

जुन्या मालाला रोखून धरणारी गोष्ट म्हणजे अविश्वास. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा बाजारात चांगला मालही पडक्या भावात जातो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले. पेटी घेताना जाणता माणूस एकही पट्टी न दाबता भाता भरतो आणि हवा किती लवकर निसटते ते पाहतो. मग एकेक पट्टी दाबून कोणता सूर उशिरा बोलतो ते ऐकतो. आमलीचा पावसाळा दमट. त्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, सुरांना गंज धरतो. ही परीक्षा न येणारा माणूस जास्त पैसे देऊन दुकानातली नवी पेटी घेतो. त्या जादा पैशांत दुरुस्तीचा भरवसाही येतो.

जुना पुरवठा नव्या विक्रीला मदतही करतो. पुढे विकता येईल या खात्रीने नवे वाद्य घेण्याची भीती कमी होते आणि स्वस्तात शिकलेला विद्यार्थी काही वर्षांनी चांगले वाद्य मागतो. अडचण होते ती पुरवठा साचला की. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पियानोविक्रेते जुना पियानो बदल्यात घेऊन नवा देत. जुने चौकोनी पियानो इतके साठले की 1904 च्या सुमारास अटलांटिक सिटीत व्यापाऱ्यांनी त्यांची जाहीर होळी केली.

लहान गावातल्या दुकानाने जुन्याशी भांडून उपयोग नसतो. जुने वाद्य बदल्यात घेणे, तपासून व दुरुस्त करून हमीसह विकणे आणि तारा, पुड्या, सूर-जुळणीचे काम आपल्याकडे ठेवणे यांतून गिऱ्हाईक टिकते. नव्या वाद्याची खरेदी क्वचितच होते, तारा आणि पुड्या मात्र वरचेवर लागतात. जुन्या वाद्यांची संख्या वाढली की हे काम वाढते; दुकानाने ते हाती घेतले नसेल, तर मात्र नव्या विक्रीतली घट भरून निघत नाही.