‘च’, ‘खेरीज’ आणि कोरियन ‘फक्त’
कोरियन मालिकांच्या व्यासंगातून त्या भाषेची धुळाक्षरे गिरवू लागलेली जी तरुण मंडळी हल्ली अंधेरी-मुलुंडकडे आढळतात, त्यांना ‘फक्त’ म्हणावयाचा प्रसंग आला की शब्दाला मागून चिकटणारे दोन प्रत्यय भेटतात, आणि मराठी माणसाने त्यांना परके मानण्याचे, माझ्या मते, काडीमात्र कारण नाही. पहिला ‘मान’; आपला ‘च’ जसा ‘घाटकोपरलाच’मध्ये विभक्तीच्याही मागून येतो, तसाच हा स्थलवाचक प्रत्ययानंतरही बिनतक्रार बसतो. त्याचा साधा नमुना म्हणजे ‘मुलमान माश्यॉयो’, पाणीच पितो. दुसरा ‘बाक्के’ मूळचा ‘बाहेर’ या अर्थाचा, म्हणजे अरबी ‘खारिज’वरून दफ्तरात रुजू झालेल्या आपल्या ‘खेरीज’चा अर्थाने भाऊबंदच, पण त्याहून हट्टी, नकारार्थी क्रियापदावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. ‘मुलबाक्के ऑप्सॉयो’, पाण्याखेरीज काही नाही, असे म्हणताना जी उणिवेची हळहळ उमटते ती ‘मान’मध्ये सहसा नसते, उलट ‘पाणीच द्या’ अशी विनंती करावयाची झाल्यास तेथे ‘बाक्के’ची डाळ शिजत नाही. फसगत होते ती खरी आपल्या ‘च’मुळे, कारण तो मर्यादेइतकाच निश्चयाचाही कारभार पाहतो, ‘मी येईनच’ म्हणणारा काहीएक वगळीत नसतो, आणि तेथे ‘मान’ योजणे निखालस चूक. शिवाय ‘मान’पुढे नकार आला की अर्थ पार उलटतो: ‘मुलमान आन माश्यॉयो’ म्हणजे गृहस्थ बाकी सारे पितात, पाणी तेवढे पीत नाहीत.